हरणांचा शिकारी हंगाम आणि सुरक्षितता

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षी शरद ऋतूत हरणांच्या शिकारीसाठी जो ठरावीक काळ खुला केला जातो, त्यास हरणांचा शिकारी हंगाम म्हणतात. या काळात शिकारी, त्यांचे सोबती, रानवाटांनी हिंडणारे लोक आणि रानालगत राहणारी कुटुंबे यांना गोळी लागू नये म्हणून तेथे जे कायदे, प्रशिक्षण आणि रीती रूढ झाल्या, त्यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. शिकार प्रामुख्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणाची होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हे हरीण काही लाखांवर आले होते. नियंत्रित शिकार आणि संरक्षण यांमुळे आज त्याची संख्या कोट्यवधींत आहे. हंगामाच्या तारखा प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. मिशिगनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम 15 ते 30 नोव्हेंबर असा असतो, तर विस्कॉन्सिनमध्ये तो थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारी सुरू होऊन नऊ दिवस चालतो. एवढ्या अवधीत त्या एका राज्यात पाच ते सहा लाख शिकारी रानात उतरतात. अनेकांच्या घरी ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट असते. आजोबा, मुलगा आणि नातू एकाच रानात बसलेले आढळतात, आणि दुर्दैवाने एकाची गोळी दुसऱ्याला लागल्याचे प्रसंगही अशाच कुटुंबांत घडतात.

या अपघातांची कारणे फार थोडी आहेत आणि ती वर्षानुवर्षे तीच राहिली आहेत. माणसालाच जनावर समजून बार काढणे, पळत्या जनावरामागे बंदुकीची नळी फिरवताना मध्ये आलेल्या सोबत्याकडे लक्ष नसणे, जनावराच्या पलीकडे काय आहे हे न पाहणे आणि भरलेली बंदूक निष्काळजीपणे हाताळणे, या चारांत बहुतेक प्रसंग येतात. बळी पडणारा पुष्कळदा त्याच टोळीतला असतो, किंवा स्वतः बंदूकधारीच असतो. नळी फिरवण्यातून होणाऱ्या अपघाताचे सर्वांत गाजलेले उदाहरण हरणांच्या नव्हे, तर लावा पक्ष्यांच्या शिकारीतले आहे. 11 फेब्रुवारी 2006 रोजी टेक्ससमध्ये तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी उडत्या पक्ष्यावर नेम धरत बंदूक वळवली आणि त्यांच्या एका सोबत्याच्या चेहऱ्यात, मानेत व छातीत छर्रे घुसले. तो गृहस्थ बचावला, कारण ते छर्रे होते. हरणासाठी वापरतात ती रायफलची गोळी असती तर वाचण्याची आशा फार थोडी होती.

पहिले कारण मात्र अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. पहाटेपासून थंडीत बसलेल्या शिकाऱ्याच्या मनात हरणाचे चित्र आधीच तयार असते. झाडीत फांदी हलते, तपकिरी काही तरी सरकते, पांढरे काही तरी चमकते, आणि मन उरलेला आकार स्वतःच पुरा करते. त्यातच हरीण दिसल्याच्या नुसत्या कल्पनेने छाती धडधडू लागते, हात कापू लागतात आणि विचारापूर्वीच बोट चापावर जाते. असे अपघात केवळ नवख्यांच्या हातून होत नाहीत. ‘मला हरीणच दिसले’ असे सांगणारा शिकारी बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच हरीण दिसलेले असते. म्हणूनच त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून कायदा करता येत नाही.

ही गोष्ट मेन राज्याला फार महाग पडून कळली. 15 नोव्हेंबर 1988 रोजी बँगोर शहराजवळच्या हर्मन गावात सदतीस वर्षांची एक स्त्री, वर्षाच्या जुळ्या मुलींची आई, आपल्या घरामागच्या झाडीत गेली असता एका शिकाऱ्याच्या गोळीने ठार झाली. तिच्या हातात पांढरे हातमोजे होते. धोक्याची चाहूल लागताच हे हरीण शेपटी उभारते आणि तिची पांढरीशुभ्र खालची बाजू दुरून लखलखते. शिकाऱ्याने हातमोज्यांचा पांढरा रंग तसाच वाचला. पहिल्या महाज्यूरीने, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याच्यावर आरोप ठेवण्यासच नकार दिला. दुसरीने तो ठेवला, पण 1990 मध्ये खटल्यात तो निर्दोष सुटला. या काळात गावातील आणि राज्यातील अनेकांनी दोष मृत स्त्रीलाच दिला: हंगामात ती पांढरे घालून बाहेर गेलीच का, शिकारी दिसून येण्यासाठी घालतात तसे नारिंगी का घातले नाही, असे उघडपणे विचारले गेले. स्वतःच्या परसात उभे राहण्यासाठी माणसाने विशिष्ट पोशाख करावा ही अपेक्षाच अन्यायाची होती, आणि हे हळूहळू त्या राज्यालाही पटले. 1991 मध्ये मेनने लक्ष्य ओळखण्याचा कायदा केला. समोर दिसते ते आपण शोधत असलेले जनावरच आहे अशी खात्री झाल्याखेरीज शिकाऱ्याने बार काढू नये, आणि मोठ्या जनावराच्या बाबतीत डोके व धड ओळखू आल्याशिवाय ती खात्री झाली असे मानू नये, असे त्याने ठरवले. आवाज, हालचाल किंवा रंगाचा ठिपका एवढ्यावर गोळी झाडणे हा त्यामुळे स्वतंत्र गुन्हा झाला. खात्री करून घेण्याची जबाबदारी चापावर बोट असणाऱ्याची आहे, समोर दिसणाऱ्याची नाही, हे या कायद्याने निःसंदिग्धपणे लिहून ठेवले.

दिसून येण्यासाठी घालायचा नारिंगी पोशाख हा त्या जबाबदारीला पूरक आहे. पूर्वी शिकारी लाल कपडे घालत. परंतु संधिप्रकाशात मानवी डोळ्याला लाल रंग लवकर काळवंडलेला दिसतो, आणि पुरुषांपैकी सुमारे 8 टक्के लोकांना लाल-हिरव्यातला भेद नीट कळतच नाही. हरणांच्या हालचालीचा काळ तर नेमका पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा. 1960 च्या दशकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्सने प्रतिदीप्त नारिंगी रंगाची सक्ती केली आणि पुढे बहुतेक राज्यांनी ती स्वीकारली. या रंगातील द्रव्य अतिनील आणि निळसर प्रकाश शोषून घेऊन तो सुमारे 600 नॅनोमीटर तरंगलांबीच्या नारिंगी प्रकाशाच्या रूपाने परत टाकते, म्हणून ढगाळ पहाटेही तो रंग सभोवतालापेक्षा उजळ वाटतो. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारी पेशी त्यांत नसते; त्यामुळे माणसाला भडक वाटणारा हा सदरा हरणाला फिकट, मातकट भासतो. शिकारीचा त्याने काहीच तोटा होत नाही. (कपडे उजळ करणाऱ्या धुण्याच्या पावडरीतील द्रव्यांची निळसर झळाळी मात्र हरणाला दिसते.) नियमांचे तपशील वेगवेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात डोके, छाती व पाठ मिळून 250 चौरस इंच नारिंगी सर्व बाजूंनी दिसावे लागते, तर मेनमध्ये टोपी आणि अंगावरचे एक वस्त्र अशा दोन वस्तू आवश्यक असतात. विस्कॉन्सिनने 2016 मध्ये प्रतिदीप्त गुलाबी रंगासही मान्यता दिली. न्यूयॉर्कने मात्र ही सक्ती 2021 पर्यंत लांबवली, हे समजण्यास कठीण आहे.

पोशाखाइतकेच, किंबहुना अधिक, श्रेय प्रशिक्षणाला द्यावे लागते. बंदुका व दारूगोळा यांवर कर बसवणाऱ्या 1937 च्या संघीय कायद्यात 1970 मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या कराचा काही पैसा शिकारी-शिक्षणाकडे वळवता आला. विस्कॉन्सिनने असे वर्ग 1967 मध्ये सुरू केले. आदल्या वर्षी तेथे दर लाख शिकाऱ्यांमागे 44 जण जखमी झाले होते, आणि अलीकडे हे प्रमाण त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आले आहे. वर्गात शिकवले जाणारे चार नियम साधे आहेत: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळी सदैव सुरक्षित दिशेला ठेवावी, लक्ष्य आणि त्याच्या पलीकडचे सर्व काही निश्चित ओळखावे, बार काढण्याच्या क्षणापर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे. तारेचे कुंपण ओलांडताना आधी काडतुसे काढून बंदूक कुंपणाखालून पलीकडे ठेवायची, नळी स्वतःकडे राहणार नाही हे पाहायचे, मग आपण थोडे बाजूने पलीकडे जायचे, एवढी बारीक गोष्टही मुलांकडून घोटून घेतली जाते. झाडीत काय हलले हे रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहणे हा अनुभवी शिकाऱ्यांतही आढळणारा दोष आहे. पलीकडे माणूस असेल तर त्याला ओळखण्याआधीच भरलेली बंदूक त्याच्यावर रोखलेली असते. त्यासाठी गळ्यातली वेगळी दुर्बीणच वापरावी. टेकडीच्या कडेवर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर बार काढू नये, कारण नेम चुकलेली रायफलची गोळी चार-पाच किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि पलीकडच्या उतारावर कोण आहे हे दिसत नसते.

उंच मचाणावरून खाली मारलेली गोळी जमिनीत जाते, म्हणून मचाण सुरक्षित मानले जाते. पण गोळीचा धोका कमी झाल्यावर अनेक राज्यांत मचाणावरून पडणे हेच गंभीर दुखापतीचे मोठे कारण ठरले आहे. चढताना संपूर्ण शरीराचा पट्टा बांधावा, बंदूक हातात न घेता वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावी, आणि ओढताना ती रिकामी व नळी खाली अशी असावी.

जमिनीवरील हाका हा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. काही जण रान उठवत पुढे येतात आणि बाकीचे मोक्याच्या जागी दबा धरतात. हरीण मधून सुटते तेव्हा दोन्ही बाजूंच्या माणसांची तोंडे एकमेकांकडे असतात. महाराष्ट्रात हा प्रकार अपरिचित नाही. 1972 चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातील 1991 ची दुरुस्ती यांमुळे हौशी शिकार संपली असली, तरी रानडुकराच्या चोरट्या पारधी अजून होतात. 2025 च्या सुरुवातीस पालघर जिल्ह्यातील मनोर परिसरात अशाच एका पारधीत सोबत्यालाच डुक्कर समजून गोळी घातली गेली आणि ती घटना पोलिसांना लगेच कळवलीही गेली नाही. चोरून केलेल्या शिकारीत परवाना नसतो, प्रशिक्षण नसते, नारिंगी कपडा तर लपण्याच्या हेतूशीच विसंगत असतो, आणि जखमी माणसाला दवाखान्यात नेण्यापूर्वी गुन्हा उघड होण्याची भीती आड येते. अमेरिकेत जे नियम जीव वाचवतात, त्यांतला एकही अशा चोरट्या शिकारीत लागू होऊ शकत नाही.

शिकार न करणाऱ्यांसाठीही काही सावधगिरी आवश्यक ठरते, आणि अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबांना ती बहुधा कोणी सांगत नाही. पानगळीचे रंग पाहायला डोंगरवाटांवर जाण्याचे दिवस आणि धनुष्यबाणाच्या व बंदुकीच्या हंगामाचे दिवस एकमेकांत मिसळलेले असतात. शहरालगतच्या राखीव रानांतही शिकारीस परवानगी असू शकते. निघण्यापूर्वी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याचे वेळापत्रक पाहावे. नारिंगी टोपी आणि बंडी घालावी, मुलांना व कुत्र्यालाही घालावी. तपकिरी, करडे आणि विशेषतः पांढरे टाळावे, रुमालसुद्धा. पाठीवरची पिशवी बंडी झाकून टाकते, म्हणून पिशवीवर वेगळे नारिंगी कापड बांधावे. शिकारीची वेळ साधारणपणे सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत असते. तेव्हा दोन्ही टोके सोडून दिवसाच्या मध्यावर चालणे बरे. मेन आणि मॅसॅच्युसेट्समध्ये रविवारी शिकारीस बंदी आहे, न्यू जर्सीत रविवारी हरणांवर बंदूक चालवता येत नाही, त्यामुळे तेथे सहलीसाठी रविवार निवडावा. जवळपास बार ऐकू आल्यास हात हलवू नयेत, तर मोठ्याने हाक द्यावी. नुसती हालचाल हेच गैरसमजाचे मूळ असते.

घराभोवतीच्या अंतराचे नियमही माहीत असावेत. पेनसिल्व्हेनियात राहत्या घरापासून 150 यार्डांच्या आत बंदुकीने, तर मॅसॅच्युसेट्समध्ये 500 फुटांच्या आत परवानगीवाचून शिकार करता येत नाही. पेनसिल्व्हेनिया, टेक्सस अशा काही राज्यांत झाडाच्या खोडावर ओढलेला जांभळा पट्टा ‘आत येण्यास मनाई’ या पाटीइतकाच कायदेशीर असतो. हे अंतर गोळीच्या पल्ल्यापुढे फार तोकडे आहे, हे लक्षात घेऊन रानालगतच्या वस्त्यांतील लोक हंगामात परसात वावरतानाही नारिंगी टोपी घालतात, आणि पहाटे शाळेच्या बसची वाट पाहत रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या मुलांनाही ती घालून पाठवतात.