मुंबई–नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती?

नागपूरचं तिकीट काढायला आलेले ग्राहक हमखास विचारतात, "सातशे किलोमीटरसुद्धा नाही, विमान ताशी आठशेने उडतं, मग तिकिटावर दीड तास कसा?" शंका रास्त आहे.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे ६८० किलोमीटर. पण विमान रेघेवरून जात नाही. मुंबईत उड्डाण बहुतेक वेळा पश्चिमेकडे, समुद्रावर होतं आणि नागपूर तर पूर्वेला. म्हणजे जुहूपलीकडे जाऊन वळसा घ्यायचा, मग खरा प्रवास सुरू. ताशी आठशेचा वेगही वर पोहोचल्यानंतरचा. चढताना-उतरताना तो बराच कमी असतो.

शिवाय तिकिटावरची वेळ ही नुसत्या उड्डाणाची नसते. विमान इथली जागा सोडतं तिथपासून नागपूरला जागेवर उभं राहतं तिथपर्यंतची ती वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी विमानांची रांग लागते. कंपन्या हा खोळंबा धरूनच वेळापत्रक आखतात. रांग नसली की विमान वेळेआधी पोहोचतं आणि प्रवासी खूश होतात! प्रत्यक्ष हवेत तुम्ही तास-सव्वा तासच असता.

वाऱ्याचाही थोडा हात असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे असतात; जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. पावसाळ्यात उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून. एवढ्याशा अंतरात फरक काही मिनिटांचाच.

आता दारापासून दारापर्यंतचा हिशेब. डोंबिवली-कल्याणहून विमानतळ गाठायला दीड-दोन तास धरा. सामानाचं काउंटर साधारण उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून दोन तास आधी पोहोचलेलं बरं. उतरल्यावर सामान आणि टॅक्सी मिळून नागपुरात तासभर. म्हणजे दीड तासाच्या विमानासाठी सहा-साडेसहा तास जातात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. गाडीने आठ तास लागतात, तेही महामार्गाला लागल्यावर. चौघं असाल, सामान भरपूर असेल, तर गाडीचा विचार जरूर करा. आणि दुसऱ्या दिवशी काम असेल तर आम्ही सरळ विदर्भ एक्सप्रेस सुचवतो: संध्याकाळी बसा, झोपा, सकाळी नागपूर. तिकीट विकणाऱ्याने असं सांगू नये म्हणतात, पण ग्राहक परत यायला हवा ना.

विमानानेच जायचं ठरलं तर पावसाळ्यात शक्यतो सकाळचं पहिलं विमान घ्या. दिवसभरातला उशीर साठत साठत रात्रीच्या विमानांवर येतो. बुकिंग करताना मुंबई की नवी मुंबई हे नीट पाहा. दोन्ही विमानतळ वेगळे आहेत, आणि मुंबईतही टर्मिनल एक व दोन यांच्यामध्ये रस्त्याने जावं लागतं. तुम्ही कुठून निघणार ते आम्हाला आधी सांगितलंत, तर त्याप्रमाणे विमान निवडून देऊ.