कोरीडोरसच्या अंड्यांचे फलन होते तरी कसे?

मत्स्यालयाच्या तळाशी मिशांनी वाळू चाचपत फिरणारा कोरीडोरस हा छोटा कॅटफिश हौशी मत्स्यपालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. त्यातील ब्राँझ कोरीडोरस ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतील व त्रिनिदाद बेटावरील असून १८५८ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन झाले. टाकीतील थोडे पाणी काढून त्याजागी जरा गार पाणी घातले की पावसाला सुरुवात झाल्यासारखी परिस्थिती निर्माण होते आणि विणीला आलेली मादी बरेचदा एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते.

विणीचे दृश्य पाहण्यासारखे असते. नर मादीपुढे आडवा होतो आणि मादी त्याच्याशी काटकोन करून आपले तोंड त्याच्या जननछिद्रापाशी टेकवते. त्याच वेळी ती पोटाखालचे दोन्ही पर जुळवून त्यांची झोळी करते आणि तीत मोजकीच अंडी सोडते. मग ती झोळी सांभाळत पोहत जाते, पान किंवा काच तोंडाने साफ करते आणि तेथे अंडी चिकटवते. हा क्रम पुन्हापुन्हा चालतो. तोंड आधी नराला आणि नंतर काचेला लागत असल्यामुळे, मादी शुक्राणू तोंडात घेऊन काचेवर पसरत असावी, असा तर्क मत्स्यपालक अनेक वर्षे करीत आले.

जपानमधील कोहदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून निराळेच चित्र समोर आले. मादी शुक्राणू चक्क गिळते. ते काही सेकंदांत तिच्या आतड्यातून पार होऊन गुदद्वारावाटे जिवंत बाहेर पडतात आणि झोळीतील अंड्यांपर्यंत पोहोचतात. शुक्राणू पचून कसे जात नाहीत, ही शंका साहजिक आहे. मला येथे या माशाच्या श्वसनाची आठवण होते: कोरीडोरस मधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, आतड्याच्या मागील भागात तिच्यातील ऑक्सिजन शोषतो आणि उरलेली हवा मागून सोडतो. ज्या आतड्यातून हवा अशी झपाट्याने पुढे सरकते, त्याच वाटेने शुक्राणूही सुखरूप जाऊ शकत असावेत, हे पटण्यासारखे आहे.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. एका मादीमागे अनेक नर असले, तरी झोळीत एका वेळी जी अंडी असतात त्यांच्यापर्यंत तिने ज्या नराचे शुक्राणू गिळले त्याचेच शुक्राणू पोहोचतात. मध्येच घुसून आपले शुक्राणू सोडणाऱ्या दुसऱ्या नराला फारसा वाव उरत नाही.

पिलांची काळजी मात्र कोणीच घेत नाही. कोकणच्या समुद्रातील शिंगाळ्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो. कोरीडोरसची जोडी उलट स्वतःचीच अंडी खाऊन टाकू शकते. त्यामुळे अंडी हलक्या हाताने सोडवून वेगळ्या टाकीत हवेच्या बारीक बुडबुड्यांजवळ ठेवावीत आणि बुरशी लागून पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकावीत. साधारण तीन ते पाच दिवसांत पिले बाहेर येतात आणि पोटातील बलक संपला की त्यांना नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारखे बारीक जीव) देता येते.