होलो पॉइंट गोळी सगळ्यांत खोल घुसते? अजिबात नाही

२०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकल्यापासून कोल्हापुरात नेमबाजीच्या गप्पांना ऊत आलाय. त्यात एक जुना समज हमखास ऐकू येतो: टोकाला खड्डा असलेली होलो पॉइंट गोळी सगळ्यांत खोल घुसते, भिंतसुद्धा फोडते.

ती सगळ्यांत खोल घुसते हे साफ चूक आहे. ती कमी आत जावी अशीच बनवलेली असते. शरीरात शिरताच खड्ड्यात दाब वाढतो, कडा बाहेर उलगडतात, तोंड साधारण दीडपट रुंद होतं आणि गोळी लवकर थांबते. त्याच ९ मिमी काडतुसातली पूर्ण तांब्याच्या आवरणाची गोळी आकार बदलत नाही, म्हणून ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. अमेरिकेतले पोलीस होलो पॉइंट वापरतात ते बऱ्याच अंशी याच भीतीनं. एफबीआयच्या चाचणीत शरीराच्या मांसाऐवजी वापरलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच खोली योग्य धरतात.

मात्र जाड डेनिमचा (जीन्सच्या कापडाचा) बोळा त्या खड्ड्यात बसला, तर कडा उलगडत नाहीत आणि हीच गोळी साध्या गोळीसारखी खोल जाते. म्हणून चाचणीत कापडही लावतात.

मग या गोळ्यांवर युद्धात बंदी आहे, त्याचं काय? कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात अशाच फुलणाऱ्या गोळ्या बनल्या आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं त्या युद्धात वापरायला मनाई केली. कारण होतं भयंकर जखम. आरपार जाणं नव्हे.

आणि रेंजवरची .२२ इंच व्यासाची शिशाची गोळी बारकी म्हणून कुणी हलक्यात घेऊ नका. तिच्या खोक्यावरच दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो.