पोब्ले एस्पान्योल: सहा महिन्यांसाठी बांधलेलं गाव

बार्सिलोनाच्या मोंजुइक टेकडीवरचं 'पोब्ले एस्पान्योल', म्हणजे 'स्पॅनिश गाव', पाहायला जाणारा पहिला प्रश्न विचारतो, हे खरं की नकली? इथल्या ११७ इमारतींपैकी एकही दुसरीकडून उचलून आणलेली नाही. १८९१ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेल्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात खरी जुनी घरं सुटी करून नेली आणि पुन्हा उभारली. इथे मात्र मूळ इमारत जागेवरच राहिली आणि तिची प्रतिकृती नव्यानं बांधली गेली. हा फरक ध्यानात असला की पाहण्यातला गोंधळ संपतो. शिवाय ही नक्कलही आता जवळपास शंभर वर्षं जुनी आहे, तिचा स्वतःचा इतिहास आहे.

कल्पना वास्तुविशारद जुझेप पुच इ कादाफाल्क यांची. १९०७ साली पिरेनीज पर्वतातल्या रोमनेस्क (जाड दगडी भिंती आणि अर्धगोल कमानींची मध्ययुगीन शैली) चर्चांची पाहणी करायला गेलेल्या अभ्यासमोहिमेचे ते प्रमुख होते. गावोगाव जाऊन फोटो काढायचे, मोजमापं घ्यायची, ही पद्धत त्यांना नवी नव्हती. पुढे ते कातालोनियाच्या (बार्सिलोना ज्यात आहे तो ईशान्य स्पेनमधला प्रदेश) प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष झाले. बार्सिलोनात आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवण्याची तयारी त्याआधीपासून चालू होती, हे गाव त्याच प्रदर्शनासाठी होतं. पण १९२३ मध्ये स्पेनमध्ये जनरल प्रिमो दे रिव्हेराची हुकूमशाही आली, पुच बाजूला पडले आणि १९२५ मध्ये प्रादेशिक सरकार बरखास्त झालं. त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी उभारलेले कातालान अस्मितेचे चार खांबही १९२८ मध्ये पाडण्यात आले (ते २०१० साली पुन्हा उभे राहिले). गावाची कल्पना मात्र टिकली. सुरुवातीला ठरलेलं 'इबेरोना' हे नाव सत्ताधाऱ्यांना रुचलं नाही, म्हणून 'स्पॅनिश गाव' झालं. एका कातालान वास्तुविशारदाची कल्पना 'एकसंध स्पेन' दाखवणारं प्रदर्शन म्हणून मिरवली गेली, आणि हा ताण पुढेही या जागेला चिकटून राहिला.

प्रत्यक्ष काम चौघांनी केलं. फ्रान्सेस्क फॉल्गेरा आणि रामोन रेव्हेंतोस हे वास्तुविशारद, शावियेर नोगेस हे चित्रकार आणि मिकेल उत्रिलो हे कलासमीक्षक. उत्रिलोंनी सित्जेस गावात जुने दरवाजे, खिडक्या आणि दगडी तुकडे जमवून 'मारिसेल' हा वाडा घडवला होता, तो अनुभव इथे कामी आला. १९२७ मध्ये चौघांनी मोटारीतून स्पेन पालथा घातला. सुमारे १,६०० गावं-शहरं पाहिली, फोटो काढले, रेखाटनं केली. मग निवड झाली आणि बांधकाम अवघ्या तेरा महिन्यांत उरकलं. निवडीतला कल जाणवण्याजोगा आहे: रोमनेस्कपासून बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातली नक्षीदार शैली) पर्यंतची दगडी, वीटकामाची आणि पांढरा चुना दिलेली घरं घेतली, त्या काळाचं नवं शहर टाळलं. कानरी बेटं यात नाहीत. आजच्या सतरा स्वायत्त प्रदेशांपैकी पंधराच इथे सापडतात.

१९ मे १९२९ रोजी राजा तेरावा अल्फोन्सो याने प्रदर्शनाचं उद्घाटन केलं. गाव सहा महिन्यांसाठीच होतं, नंतर पाडायचं होतं. पण लोकांनी ते इतकं डोक्यावर घेतलं, की पाडण्याचा विचार मागे पडला. त्याच प्रदर्शनात टेकडीवर वास्तुविशारद मीस फान डेर रोहे यांचा जर्मन मंडप होता, आधुनिक वास्तुकलेतली ती महत्त्वाची इमारत १९३० मध्ये उतरवली गेली. आज तिथे दिसतो तो मंडप १९८३ ते ८६ दरम्यान पुन्हा बांधलेला. म्हणजे नकलांचं गाव १९२९ चं मूळ आहे आणि मूळ मंडप मात्र नक्कल आहे. स्पेनच्या यादवी युद्धाच्या (१९३६-३९) काळात गावात कैद्यांची छावणीही होती, पाहणाऱ्यांना हे क्वचित सांगितलं जातं. १९९० मध्ये प्रवेशद्वाराच्या बुरुजांत डिझायनर हाविएर मारिस्काल आणि वास्तुविशारद आल्फ्रेदो अरिबास यांनी बार उघडला आणि रात्रीच्या गर्दीनं गावाला दुसरं आयुष्य दिलं.

फिरताना प्रत्येक इमारतीवरची पाटी वाचा, मूळ इमारत कुठली ते त्यावर असतं. ती न वाचता काढलेल्या फोटोंखाली नंतर चुकीची ओळ लिहिली जाते, कारण शेजारी-शेजारी उभ्या घरांच्या मूळ इमारतींत प्रत्यक्षात शेकडो किलोमीटरचं अंतर असतं. प्रवेशद्वार आविला शहराच्या तटाचं आहे, त्याच्या आत प्लासा मायोर, म्हणजे मुख्य चौक. तिथली नगरपालिकेची इमारत तेरुएल प्रांतातल्या वाल्देरोब्रेसची, आणि वर डोकावणारा विटांचा मनोरा झारागोसाजवळच्या उतेबोचा. मूळ मनोरा १५४४ चा, त्याच्या चकचकीत फरशांवर ऊन पडलं की तो झळकतो म्हणून त्याला 'आरशांचा मनोरा' म्हणतात. पुढे सांतियागो शहरातल्या पायऱ्यांची नक्कल चढावी लागते. पायात घट्ट बूट हवेत, आणि उन्हाळ्यात सकाळीच निघावं. काच, चामडं, दागिने, मातीची भांडी यांचे कारागीर कार्यशाळांत काम करताना दिसतात. तयार वस्तू विकणारं दुकान आणि जिथे भट्टी किंवा हत्यारं चालू आहेत अशी कार्यशाळा, हा फरक आधी पाहून घ्या, मग खरेदी करा.

गावाच्या वरच्या टोकाला रोमनेस्क धाटणीचा मठ आहे. तो पाहून टेकडीवरच्या पालाउ नासिओनाल (राष्ट्रीय महाल) मधल्या कला संग्रहालयात जावं. तिथे पिरेनीजमधल्या चर्चांची मूळ भित्तिचित्रं आहेत, ती परदेशी विकली जाऊ नयेत म्हणून १९१९ ते १९२३ दरम्यान भिंतींवरून उतरवलेली. रंगाच्या पृष्ठभागावर प्राण्यांच्या सरसानं कापड चिकटवायचं, सरस वाळला की कापडासोबत रंगाचा पातळ थर सोलून निघतो. मग ती गुंडाळी खेचरांवरून डोंगराखाली न्यायची, मागच्या बाजूला नवं कापड लावायचं आणि समोरचं कापड कोमट पाण्यानं सोडवायचं. घाई झाली की रंगाचे तुकडे भिंतीलाच चिकटून राहतात. सान क्लिमेंत दे ताउल चर्चच्या गाभाऱ्यातली चित्रं त्या संग्रहालयात आहेत, ११२३ साली अभिषेक झालेल्या त्या चर्चमध्ये काही रंग मागे उरलेला आजही दिसतो.