नाटक आणि सिनेमा, दोन्हीकडे अर्ज करताना

एकांकिका स्पर्धांतून तयार झालेली मुलं दर वर्षी विचारतात, पुण्याच्या एफटीआयआयला (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था) अर्ज करू की दिल्लीच्या एनएसडीला (नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा, नाटकाचं शिक्षण देणारी संस्था)? मी सांगतो, दोन्हीकडे करा. फक्त पदवी अर्धवट सोडू नका. शाखा कुठलीही चालते, पण पदवी दोन्हीकडे लागते.

एनएसडीच्या तीन वर्षांच्या नाट्यपदविकेसाठी पदवीखेरीज किमान 6 नाटकांतल्या सहभागाचा पुरावा मागतात. आपली मुलं अडतात ती इथे. चार-पाच वर्षं तालमीत घाम गाळलेला असतो, पण हातात एक कागद नसतो. म्हणून स्पर्धेचं प्रमाणपत्र, प्रयोगाचं माहितीपत्रक, वर्तमानपत्रातलं कात्रण, सगळं एका फाइलमध्ये त्या त्या वेळीच लावून ठेवा. त्यावरचं नावही तपासा. माहितीपत्रकावर ‘बंटी’ आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर भलतंच नाव असेल, तर संस्थेकडून पूर्ण नावाचं पत्र वेळेत घ्या. पहिली चाळणी पार केलेल्यांना पुढे दिल्लीत कार्यशाळेला बोलावतात. तिथे काही दिवस तुमचं काम जवळून पाहिलं जातं.

एफटीआयआय 1960 मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेत उभी राहिली. तिथल्या अभिनयाच्या अभ्यासक्रमालाही आधी लेखी परीक्षा आहे, मग ऑडिशन आणि मुलाखत. नुसता रंगमंचावरचा अनुभव इथे पुरत नाही, सिनेमाबद्दल विचार करून लिहिता यायला हवं. माझ्याकडच्या मुलांना मी एक सराव देतो. एखादा प्रसंग आधी आवाज बंद करून पाहायचा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐकायचा, आणि दोन्ही वेळा काय कळलं ते पानभर लिहायचं. महिनाभरात लिखाण बदलतं. शक्य झालं तर चित्रपट रसास्वाद शिबिर जरूर करा. सतीश बहादूर यांच्यासारख्या शिक्षकांनी पुण्यात ही परंपरा रुजवली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे तिला जुन्या सिनेमांचा खजिना मिळाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही संस्था केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे आरक्षणही केंद्राच्या नियमाने: ओबीसी 27 टक्के, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) 10 टक्के. राज्यातल्या कॉलेजसाठी काढलेला दाखला इथे चालेलच असं धरून चालू नका. जात केंद्राच्या यादीत आहे का ते पाहा आणि नॉन क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात मागून घ्या. ऑडिशनपर्यंत पोचलेली एक गुणी मुलगी केवळ दाखल्याच्या नमुन्यापायी रडताना मी पाहिली आहे. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, आणि हे काम प्रवेशाची जाहिरात यायच्या आधीच उरकून घ्या.