‘काहीतरी चावलंय’ : कोळी, मण्यार आणि पहिले काही तास

सकाळी उठल्यावर दंडावर लालसर गांध उठलेली दिसते, मधोमध बारीक ठिपका असतो आणि समोरच्या भिंतीवर एखादा कोळी बसलेला असतो. लगेच ‘कोळी चावला’ असं ठरून जातं. बहुतेक वेळा हा आरोप खोटा असतो. कोळी माणसाचं रक्त पीत नाही, त्यामुळे डास-ढेकणांसारखं झोपलेल्या माणसाकडे यायचं त्याला कारणच नसतं. एका ओळीत तीन-चार गांधी उठल्या असतील तर आधी गादीच्या शिवणी तपासा, ढेकूण सापडण्याची शक्यता जास्त.

भिंतीवर दिसणारा तो तपकिरी, चपटा, पाय पसरून बसलेला मोठा कोळी जाळं विणत नाही, रात्री झुरळं धरतो. मादीच्या पोटाखाली कधी पांढरी, चपटी, नाण्यासारखी पिशवी दिसते. ती अंड्यांची. तिला मारू नका. जवळजवळ सगळ्या कोळ्यांना विष असतं, पण ते किडे लुळे पाडण्यासाठी असतं. बहुतेकांच्या विषदंतांना आपली कातडी भेदता येत नाही. कोळी चावतो तो चिरडला जातोय असं झालं की. रात्रभर बाहेर राहिलेल्या बुटात पाय घातला, दोरीवरचा सदरा न झटकता अंगात चढवला, उसाच्या पाचटाचा भारा उघड्या हातांनी कवटाळला, की हे घडतं.

खरोखर चावला तर टाचणी टोचल्यासारखं होतं, नंतर थोडी सूज, लाली आणि खाज येते. दोन-तीन दिवसांत ओसरते. साबण आणि वाहत्या पाण्यानं जागा धुवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, असं तीन-चार वेळा करा. बर्फ थेट कातडीवर टेकवू नका, त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. हाताला चावलं असेल तर अंगठी आणि बांगड्या सूज चढण्याआधीच उतरवा. दुखत असेल तर मोठ्या माणसानं पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची गोळी घ्यावी. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारा. चुना, तंबाखू, रॉकेल काही लावू नका, ब्लेडनं चिरू नका, तोंडानं ओढू नका. अशा कोळ्याच्या विषापेक्षा त्या चिरेतून शिरणारे जंतू जास्त नुकसान करतात.

मग बॉलपेननं लालीच्या कडेनं रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. ही साधी रेघ फार कामाची आहे. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर पसरली, जागा गरम लागली, पू धरला, ताप आला किंवा लाल पट्टा वर चढताना दिसला, तर तो जंतुसंसर्ग आहे. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मधुमेह असेल तर एवढंही थांबू नका. आणि चावल्यापासून तासाभरात ओठ किंवा जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, दम लागला, तर ती तीव्र ॲलर्जी आहे. लगेच 108 ला फोन करा.

पण आम्हाला खरी काळजी आहे ती न दिसलेल्या चाव्याची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, गगनबावडा, आजरा, चंदगड या पट्ट्यात पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला पहाटे ‘काहीतरी चावल्यासारखं’ वाटलं, तर तो कोळी म्हणून सोडून देऊ नका. मण्यार ही विषारी सापाची जात, ती रात्रीच फिरते. तिचा चावा दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणा दिसतीलच असं नाही. काही तासांनी पोटात कळ येते, उलटी होते, पापण्या जड होऊन मिटायला लागतात, घोटलेलं पाणी घशाखाली जात नाही, शब्द अडखळतात. पोटदुखीला पित्त समजून घरात घालवलेला तासच जिवावर बेततो, कारण पुढची पायरी श्वासाचे स्नायू लुळे पडण्याची असते.

अशा वेळी माणसाला चालवू नका. हातपाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, आवळपट्टी बांधू नका, ॲस्पिरिन देऊ नका, मांत्रिकाकडे थांबू नका. गगनबावड्याहून कोल्हापूरचं सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय पन्नासेक किलोमीटर आहे, म्हणून आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविषाची पहिली मात्रा तिथे सुरू झाली की पुढचा प्रवास जास्त सुरक्षित होतो. तिथे कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि गोठतं का ते बघतात. घोणस चावली असेल तर ते बहुधा गोठत नाही. मण्यारीच्या चाव्यात ते नेहमीसारखं गोठतं, त्यामुळे चाचणी चांगली आली म्हणून घरी जाऊ नका, 24 तास देखरेखीखाली राहा. सापाचं प्रतिविष कोळ्याच्या विषावर चालत नाही, म्हणूनही डॉक्टरांना ‘कोळी होता’ असं ठामपणे सांगू नका. दिसला नसेल तर दिसला नाही म्हणा.

लाल विंचवाचं वेगळं. भयंकर वेदना, दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या. लहान मुलांना जास्त धोका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून असे कितीतरी रुग्ण वाचवले. ते औषध रुग्णालयातच द्यायचं असतं.

कोळ्याच्या नावावर खपणाऱ्या आणखी दोन गोष्टी. ‘कोळी अंगावर मुतला’ म्हणतात ती भाजल्यासारखी लांबट पट्टी ट्यूबलाइटभोवती येणाऱ्या काळ्या-नारिंगी किड्याची असते. तो चावत नाही, चिरडला की त्याच्यातला दाहक द्रव अंगाला लागतो आणि एक-दोन दिवसांत फोड येतात. असा किडा मानेवर बसला तर चिरडू नका, फुंकरीनं उडवा आणि जागा साबणानं धुवा. दुसरी गोष्ट गंभीर आहे. काखेत, जांघेत किंवा कमरेला न दुखणारी काळी खपली आणि सोबत ताप असेल, तर तो गवतातल्या बारीक किडीमुळे होणारा स्क्रब टायफस असू शकतो. डॉक्सीसायक्लिन वेळेत मिळालं तर बरा होतो. खपली लपलेली राहते, म्हणून डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा.

घाटातल्या झाडांच्या ढोलीत पंजाएवढे टॅरांटुला कोळी असतात. ते चावल्यास वेदना तर होतेच, पण स्नायूंत गोळे येणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होऊ शकतं. राधानगरीच्या जंगलात ढोलीत हात घालू नका, आणि चावलाच तर बरं वाटलं तरी दोन दिवस लक्ष ठेवा. कोणत्याही कोळ्याच्या चाव्यानंतर पोट फळीसारखं कडक झालं, घाम फुटला, लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद झाली किंवा जागा निळी-काळी पडत गेली, तर थेट मोठं रुग्णालय गाठा.

जाताना चावल्याची वेळ, रेघेचा फोटो आणि घेतलेल्या गोळ्यांची नावं सोबत ठेवा. कोळी मेलेला सापडला तर चिमट्यानं बाटलीत घाला, जिवंत असेल तर लांबून फोटो पुरे.