टाकी रिकामी ठेवली की गंजत नाही?

‘बाईक पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलच नाही तर गंज कशाचा?’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतोही.

पण पत्रा गंजतो तो पाणी आणि हवेमुळे, पेट्रोलमुळे नाही. रिकामी टाकी म्हणजे आत दमट हवा. रात्री पत्रा गार पडला की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा घाम टाकीला आतून सुटतो. पेट्रोल भरलेलं असेल तर हवेला जागाच कमी उरते. म्हणून टाकी जवळजवळ भरून ठेवावी. काठोकाठ नको, उन्हात पेट्रोल फुगतं.

मात्र हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओल शोषतं. पाणी फार झालं की इथेनॉलसकट तळाशी वेगळं होतं. त्यामुळे वर्षभर तेच पेट्रोल ठेवू नये. इतका काळ गाडी उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण सुकवून आतून तेलाचा हात फिरवणंच बरं.

खात्री करायचीय? मोकळ्यावर, इंजिन गार असताना झाकण उघडा आणि टॉर्च मारा (काडी नव्हे!). सांध्यापाशी तांबूस ठिपके दिसले तर गंज सुरू झालाय. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी.